स्लोव्हाकचं पारायण

८ जानेवारी १९९५, रविवार

पुस्तक मिळालं. हैदराबादेत आबिड्सच्या फुटपाथवर, रेडिओ दुरुस्तीच्या जुन्या पुस्तकांखाली. स्लोव्हाक भाषेचं. पातळ, बारा पाठांचं. डाव्या पानावर स्लोव्हाक, उजव्या पानावर इंग्रजी. मागची शब्दसूची कुणीतरी फाडून नेली आहे. विकणारा म्हणाला, "ले लो चचा, दो साल से पडी है, कोई पूछता इच नई." मी मनात म्हटलं, माझ्यासाठीच थांबली असेल.

परिस्थिती नोंदवून ठेवतो. आमच्या कारखान्यातली जुनी लेथ मशिनं निघणार आणि स्लोव्हाकियाहून नवी येणार. मार्चमध्ये ती बसवायला तिकडचा इंजिनिअर येईल. त्याला इंग्रजीचे दहा-बारा शब्द येतात म्हणे. टूल स्टोअरमध्ये आम्ही दोघं. मी, चोवीस वर्षं स्टोअरकीपर, आणि हाताखालचा यादगिरी. मोठ्या साहेबांनी शुक्रवारी सांगून टाकलं. नव्या स्टोअरला एकच माणूस. ज्याचं त्या इंजिनिअरशी जमेल तो राहील, दुसऱ्यानं स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म भरायचा.

यादगिरी सहावी पास आहे. वाईट वाटतं. माणूस प्रामाणिक आहे. तो गेल्यावर त्याच्यासाठी कुठेतरी शब्द टाकीन.

संकल्प: दोन महिन्यांत स्लोव्हाक.

९ जानेवारी, पहाटे ५

पूजा आटोपून सुरुवात केली. पद्धतीचा प्रश्न नव्हताच. भालकीजवळच्या आमच्या गावच्या शाळेत गुरुजींनी एकच पद्धत शिकवली. आधी मुखोद्गत, अर्थ मागून येतो. पावकी, निमकी, अडीचकी, सगळं असंच आलं. आजही कुणी एकोणतीस सत्ते विचारलं, तर एकोणतीस एकेपासून निघतो आणि बरोबर पोचतो.

म्हणून उजवीकडच्या इंग्रजी पानांवर कोरे कागद डकवले. अर्थामुळे लक्ष विचलित होतं.

१२ जानेवारी

मोठा शोध. स्लोव्हाकमध्ये ऋ आहे. ऌ सुद्धा आहे! सुरुवातीच्या उच्चारांच्या पानावर काही शब्द अर्थासकट दिले आहेत, ते अपवाद म्हणून पाहिले. लांडग्याला 'व्ऌक'. मेलेल्याला 'मृत्वी'. दाराला 'द्वेरे', धुराला 'दिम', दोनला 'द्वा', तीनला 'त्रि'. आपण ऌ एका क्लृप्तीपुरता ठेवला आणि बाकी विसरलो. ती माणसं तो रोज वापरतात. ह्रस्व-दीर्घही काटेकोर. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर. शिस्तीची माणसं.

ही परकी भाषा नाहीच. लांब राहायला गेलेली नातेवाईक आहे. दोन महिने जास्तच होतील.

ळ मात्र नाही. बिचारे.

श्रीयुतला 'पान' म्हणतात. हे घरी सांगायचं नाही, हसतील.

१४ जानेवारी, संक्रांत

पाठ एक आज पूर्ण करायचा होता. पण सगळ्या गच्च्यांवर पतंग, आणि पोरांच्या आरोळ्या. अशा वातावरणात 'न्य' आणि 'न' यांतला फरक ऐकू येत नाही. सौ. चतुराबाईनं तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, आता तरी गोड बोला, सकाळधरनं काय पुटपुटायलाव कळंना. मी शांतपणे 'द्याकुयेम' म्हटलं. आभारी आहे. (पाठ एक, ओळ सात; अर्थ उच्चारांच्या पानावरचा.) तिनं मला विचारलं, पोट बरं आहे ना.

उद्यापासून नक्की.

२२ जानेवारी, रविवार

पाठ तीन. थोडा मागे आहे. हिवाळ्यात जीभ जड होते.

तेजश्रीनं पुस्तक चाळलं. कन्या दिलसुखनगरच्या कोचिंगला जाते, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी. मराठी तिला चाचपडत वाचता येतं, पण सल्ला अस्खलित देते. म्हणाली, "बाबा, मी मधूनच एक एक शब्द विचारते, तुम्ही आन्सर करा. आम्हाला असंच रँडम विचारतात." मी तिला समजावलं की मधून विचारणं ही परीक्षेची वाईट सवय आहे. पोथी कुणी मधून उघडतं का? तिनं "तो इंजिनिअर मधूनच बोलणार ना बाबा" असं काहीतरी म्हटलं. नव्या पिढीला क्रमाचं महत्त्व नाही.

२ फेब्रुवारी

यादगिरीनं आज स्टोअरमध्ये विचारलं, "सार, पानी को क्या बोलते उस में?" त्यालाही उत्सुकता आहे, बरं वाटलं. पाणी पाठ चारमध्ये आहे, कागद डकवताना तेवढं दिसलं होतं. डोळे मिटून पाठ एकपासून निघालो. 'दोब्री द्येन्य'पासून पाण्यापर्यंत पोचायला सतरा मिनिटं लागली. डोळे उघडले तर यादगिरी नव्हता. कँटीनमध्ये चहा पिऊन परत आला आणि म्हणाला, "मिल गया क्या सार?"

'वोदा' असं सांगितलं. त्यानं लगेच तळहातावर बॉलपेननं लिहून घेतलं, तेलुगूत. तळहातावर! हात धुतला की विद्या गेली.

सराव वाढला की सतरा मिनिटांची दहा होतील.

१० फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या सुशीलाबाई नारळ घेऊन आल्या. त्यांनी सौ.ला विचारलं की साहेबांचं पहाटेचं कसलं अनुष्ठान चालू आहे, आवाजात इतकी तळमळ आहे की त्या अंथरुणातच हात जोडतात. त्यांच्या मुलाची, युवराजची, बँकेची परीक्षा आहे, त्याच्या नावानं एक आवर्तन करता येईल का. सौ. हसू दाबत आत आली आणि म्हणाली, घ्या, तुमचं स्लोव्हाक पावाय लागलं.

मी नारळ परत करणार होतो. पण मनोभावे आणलेला नारळ परत करणं बरं नाही. देवापुढे ठेवला. युवराजचं नाव घेऊन पाठ पाच म्हटला. पाठ पाच बहुधा जेवणाचा असावा. 'पोलिएव्का' पुष्कळदा येतं.

२७ फेब्रुवारी, महाशिवरात्र

पहिलं पूर्ण आवर्तन! उपासाच्या पोटी. बारा पाठ, एक तास चार मिनिटं, एकही ओळ न चुकता. नवव्या पाठाला तर अंगावर काटा आला. ओळी लहान, आर्त, एकामागून एक. अर्थ माहीत नाही, पण करुणरस आहे यात शंका नाही.

गुरुजी असते तर पाठ थोपटली असती.

१२ मार्च, रविवार

सप्ताह पुरा झाला. गेल्या सोमवारपासून रोज एक पूर्ण आवर्तन, सात दिवस, आज समाप्ती. सौ.नं शिरा केला. म्हणाली, पुस्तक कसलं का असंना, सात दिवस एका जागी बसलाव, शिरा तर करायलाच पाहिजे.

उद्या इंजिनिअर येणार. नाव पान कोवाचिक. सकाळी साहेबांसमोर माझं पहिलं वाक्य. यादगिरीची काळजी वाटते. त्याला अजून वोदाखेरीज काही येत नाही. परवा तर तेही विसरला होता.

१३ मार्च, सोमवार

ते आले. पंचावन्नच्या आसपास, अंगानं भक्कम, पांढऱ्या मिशा, घामानं निथळत. मी पुढे झालो, डोळे मिटले, आणि पहिली ओळ म्हणणार तोच त्यांनीच 'दोब्री द्येन्य' म्हटलं. ती ओळ माझी होती! ती त्यांनी घेतल्यावर मी कुठून सुरू करायचं? थांबलो.

तेवढ्यात यादगिरीनं झेंडूचा हार घातला, टेबलफॅन ओढून त्यांच्याकडे वळवला, आणि "वोदा, वोदा" म्हणत माठातलं पाणी दिलं. त्यांनी दोन तांबे प्याले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

पहिल्या दिवशी श्रोत्यानं ऐकावं, हेच योग्य. उद्यापासून बोलेन.

१५ मार्च

कोवाचिकसाहेबांचं स्लोव्हाक चांगलं आहे. पण क्रम चुकतो. पाठ सहातला एक शब्द, मग एकदम दोनमधला, मग असं काहीतरी जे बारा पाठांत कुठेच नाही. मी त्यांच्यामागे मनात पानं उलटत धावतो. मी पाठ तीनच्या मध्यावर पोचेपर्यंत ते जेवायला गेलेले असतात.

घसा थोडा बसला आहे. सौ. म्हणते आठवडाभर पहाटे ओरडलात त्याचं आहे. मला वाटतं कँटीनचं तेल.

१७ मार्च

आज त्यांनी एक खोका उघडून माझ्याकडे हात पसरला आणि काहीतरी मागितलं. मी क्षणभर डोळे मिटले. यादगिरी त्यांच्या हाताच्या बोटांकडे बघत होता. त्यानं अठरा नंबरचा पाना दिला. तोच हवा होता. मग दोघं खोक्यावर बसून एकमेकांना वस्तू दाखवत होते. हा म्हणतो 'सुत्ती', तो म्हणतो 'क्लादिवो', आणि दोघं हातोडा आपटून हसतात. पोरखेळ. व्याकरण नाही, विभक्ती नाही. स्लोव्हाकमध्ये सहा विभक्ती आहेत हे यादगिरीला माहीतसुद्धा नाही.

अशा उथळ ज्ञानावर साहेब भुलणार नाहीत.

२० मार्च

मोठ्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "नामदेवराव, आप दो महिने से सीख रहे, सुना. परसों मैं स्टोअर में आता. आप साहब से बात करके दिखाना. उसके बाद मैं नाम फायनल करता." चोवीस वर्षांत साहेबांनी मला कधी 'करून दाखवा' म्हटलं नव्हतं. बसच्या स्टॉपवर दोन बस तशाच सोडल्या.

निर्णय: अडखळायचं नाही. मधून सुरू करायचं नाही. पाठ एकपासून एका दमात सुरू करायचं. इतकं शुद्ध स्लोव्हाक ऐकल्यावर मध्ये बोलायची कुणाची छाती होईल?

२२ मार्च, बुधवार, दुपारी ३, कारखान्याचा दवाखाना

पडून लिहितो आहे. उठू देत नाहीत.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. साहेब आले, कोवाचिकसाहेब उभे, यादगिरी खोक्यांपाशी. मी हात जोडले, प्रभूंचं स्मरण केलं, डोळे मिटले आणि निघालो. 'दोब्री द्येन्य. वोलाम सा.' पुढे नाव घातलं, तेवढाच बदल. 'या सोम उचित्येल्य.' कोवाचिकसाहेब आनंदानं काहीतरी म्हणाले. मी थांबलो नाही. थांबलो तर पुन्हा पहिल्यापासून. पाठ दोन, तीन. ते मध्ये मध्ये विचारत होते, आवाजात कौतुक होतं. मग कौतुक कमी झालं. पाठ सहा, सात. आठव्याला घाम फुटला, पत्र्याखाली उकाडा फार. नवव्या पाठाला नेहमीप्रमाणे आवाज भरून आला.

तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. डोळे उघडले तर त्यांचा चेहरा पांढराफटक. मला धरून खोक्यावर बसवलं, कॉलरचं बटण काढलं, आणि साहेबांकडे वळून "डॉक्टर! डॉक्टर!" असं ओरडले. मी 'न्ये, न्ये' म्हटलं, म्हणजे नाही. पण ते बहुधा कण्हल्यासारखं वाटलं असावं. यादगिरीनं मला पाठुंगळी घेतलं आणि दवाखान्यापर्यंत पळाला. वाटेत सारखं म्हणत होता, "कुछ नई होता सार, आँखाँ बंद मत करो."

तीन पाठ राहिले.

डॉक्टर म्हणतात ब्लडप्रेशर वाढलेलं आहे. का वाढणार नाही?

२३ मार्च

घरी. तेजश्रीनं आज डकवलेले कागद सोलून इंग्रजी पानं वाचली. आधी खो-खो हसली, मग माझ्याकडे बघून थांबली, मग हळू आवाजात सांगितलं. नववा पाठ डॉक्टरकडे जाण्याचा आहे. काल मी मोठ्या साहेबांसमोर सांगितलं की मी शिक्षक आहे, नित्रा गावात राहतो, मला मार्ता नावाची बहीण आहे, मला सूप हवं आहे, स्टेशन कुठे आहे, आणि माझं डोकं फार दुखतं, मला उभं राहवत नाही, कृपया लवकर डॉक्टर बोलवा.

सौ. म्हणाली, अगं बाई, मग त्यांनी बोलावला की.

म्हणजे त्यांना शब्द न् शब्द कळला! एका जन्मानं स्लोव्हाक माणसाला माझ्या उच्चारात एक चूक सापडली नाही. ह्रस्व-दीर्घ, आघात, सगळं बिनचूक असल्याशिवाय माणूस इतका घाबरत नाही. हे साहेबांच्या नजरेतून सुटलं नसेल.

२९ मार्च

कामावर गेलो. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, हे वाईट लक्षण. कंपनीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं आहे की मला दगदगीचं काम नको. साहेब म्हणाले तब्येत सांभाळा, नवीन स्टोअरमध्ये धावपळ खूप आहे, राहणाऱ्यांची यादी आठ तारखेला लागेल, फॉर्म टेबलावर आहे, घाई नाही. मी म्हटलं, माझं डोकं दुखत नव्हतं, ते पाठ नऊचं डोकं होतं. साहेबांनी मान हलवली, आणि पाणी मागवलं.

फॉर्मला अजून हात लावलेला नाही. खिशात पेन नव्हता. पेन होता, पण शाई संपत आली होती.

कोवाचिकसाहेब पंधरा दिवसांसाठी रांचीच्या कारखान्यात गेले आहेत. त्यांना प्रत्यक्ष भेटून समजावलं असतं. कसं, ते ठरवायचं होतं.

६ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी यादगिरी घरी आला. चपला बाहेर काढून दारातच उभा. सौ.नं आत ये म्हटलं तेव्हा आला, पण खुर्चीवर बसेना. म्हणाला, "सार, मेरे कू आपकी कुर्सी नक्को. मैं साहब कू बोल दिया. साहब सुनते नई." सौ.नं त्याला पोळी वाढली आणि म्हणाली, तू खा आधी, खुर्चीचं नंतर बघू. ज्याच्यासाठी मी शब्द टाकणार होतो, तो माझ्यासाठी टाकून आला.

मग त्यानं पाकीट काढलं. कोवाचिकसाहेबांनी रांचीहून मोठ्या साहेबांना पत्र पाठवलं आहे. दोन पानी, सगळं स्लोव्हाकमध्ये, आणि त्यात माझं नाव तीनदा. ऑफिसात कुणाला ओ की ठो कळेना. साहेब म्हणाले, नामदेवरावांकडेच न्या. हैदराबादेत दुसरा कोण आहे? शनिवारी यादी लागायच्या आत काय लिहिलंय ते सांगा.

मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत, कुठेही न अडता. यादगिरी हात जोडून ऐकत होता. सौ. आणि तेजश्री देखील आतून बाहेर आल्या. वाचून संपल्यावर तिघंही माझ्याकडे बघत राहिली.

सौ.नं विचारलं, काय म्हणतात?

मी म्हटलं, भाषा फार सुंदर आहे.

तेजश्रीनं बारा पाठांची इंग्रजी पानं काढून एक एक शब्द जुळवला. चार सापडले. 'कृपया', 'चांगला', 'शिक्षक' आणि 'डोकं'. बाकी आमच्या पुस्तकात नाहीत. 'चांगला' आणि 'डोकं' यांच्या मधे सहा शब्द आहेत. माझ्या नोकरीचं काय ते त्या सहा शब्दांत आहे.

यादगिरी हळूच म्हणाला, "सार, बोल दो ना, लिखा है नामदेवराव कू रखो. कौन देखने आता?" सौ.नं पोळी वाढता वाढता थांबून माझ्याकडे पाहिलं. देवघरात समई तेवत होती. ज्या माणसानं माझ्यासाठी ओरडून डॉक्टर बोलावला, त्याच्या तोंडी मी माझं वाक्य कसं घालू? आणि कुणास ठाऊक, त्यांनी खरंच तसं लिहिलं असेल. मग खोटं बोलून खऱ्याचा अपमान.

यादगिरीला सांगितलं, पत्र माझ्याकडे राहू दे.

७ एप्रिल, पहाटे ५

पूजा झाली. पत्र चव्वेचाळीस ओळींचं आहे. रोज चार ओळी या बेतानं अकरा दिवसांत तोंडपाठ होईल. अर्थ मागून येतो.

यादी उद्या लागते आहे.

पहिल्या चार ओळी झाल्या.